दहावी-बारावीच्या वर्षी पोरांचा व्यायाम बंद करणाऱ्या आईबाबांनो, जरा थांबा

मंडळी, पोस्ट लांब आहे. करक घेऊन बसा, शेवटपर्यंत वाचा आणि मग काय भांडायचं ते भांडा.

एप्रिल आला की आपल्याकडे, म्हणजे यूएईतल्या भारतीय शाळांच्या पालकांकडे, दोन गोष्टी एकाच आठवड्यात होतात. नव्या पुस्तकांना कव्हरं चढतात आणि दहावी-बारावीत गेलेल्या पोरांचा खेळ बंद होतो. फुटबॉल अकॅडमीला मेसेज जातो, कराटेच्या सरांना जातो, जिमचं कार्ड रिन्यू होत नाही. कारण सगळ्यांचं एकच. "बोर्ड आहे हो या वर्षी."

इतके दिवस निदान हे 'वेळ वाचवायला' चाललं होतं. आता त्याला शास्त्राचा आधार मिळालाय म्हणे. फॉरवर्ड तुमच्याही ग्रुपवर आला असेल. वर मेंदूचं चित्र, खाली मजकूर असा की जड व्यायामाने कॉर्टिसॉल नावाचं स्ट्रेस हार्मोन वाढतं, कॉर्टिसॉल स्मरणशक्तीच्या केंद्राला इजा करतं, तेव्हा परीक्षेच्या वर्षी मुलांना वजनं उचलू देऊ नका. शेवटी हात जोडलेले. माझ्याकडे तो तीन ग्रुपवरून आला, त्यातला एक चक्क माहेरचा.

मी शारजात राहते आणि सोळा वर्षं अकरावी-बारावीला बायोलॉजी शिकवते. ट्यूशनही घेते. म्हणजे पोरांनी जिम सोडून माझ्या टेबलावर दोन तास जास्त बसावं, यात फायदा झाला तर माझाच आहे. तरी सांगते. या फॉरवर्डमधलं पहिलं वाक्य खरं आहे, दुसरं अर्धवट आहे आणि त्यावरून काढलेला सल्ला साफ उलटा आहे. आणि तो पाळला तर आपल्या पोरांचं नुकसान होणार आहे, म्हणून एवढं टायपिंग.

आधी कॉर्टिसॉलचं बघू. ते काही विष नव्हे. मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी ते तयार करतात. मेंदूतला हायपोथॅलॅमस पिट्युटरी ग्रंथीला निरोप देतो, पिट्युटरी खाली अधिवृक्काला, आणि कॉर्टिसॉल रक्तात उतरतं. साखर मोकळी करणं, रक्तदाब सांभाळणं, सूज आटोक्यात ठेवणं ही त्याची कामं. दमेकऱ्याला डॉक्टर जे स्टेरॉइड देतात ते याच घराण्यातलं. रोज सकाळी जाग आल्यावर अर्ध्या-पाऊण तासात त्याची पातळी दिवसातल्या सगळ्यात उंच जागी जाते आणि मध्यरात्रीच्या सुमारास तळाला येते. ज्या माणसाला ते बनवताच येत नाही त्याला ॲडिसनचा आजार झालाय असं म्हणतात, आणि औषध मिळालं नाही तर तो माणूस वाचत नाही. तेव्हा 'कॉर्टिसॉल वाढलं' एवढ्यावरून घाबरायचं असेल तर रोज सकाळी उठायलाच घाबरायला हवं.

व्यायामाने ते वाढतं का? वाढतं. लपवण्यासारखं काही नाही त्यात. २००८ साली हिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत व्यायामाची सवय असलेल्या १२ पुरुषांना अर्धा-अर्धा तास वेगवेगळ्या जोराने व्यायाम करायला लावला. स्वतःच्या कमाल क्षमतेच्या ४० टक्के जोर लावला तेव्हा कॉर्टिसॉल वाढलं नाहीच, उलट थोडं उतरलं. ६० टक्क्यांना ते सुमारे ४० टक्क्यांनी वाढलं आणि ८० टक्क्यांना सुमारे ८३ टक्क्यांनी. हा दम लागणारा व्यायाम होता. वजनांच्या व्यायामाचंही असंच चित्र क्रेमर आणि रॅटमेस यांनी २००५ साली मांडलं. मांड्या-पाठ असे मोठे स्नायू, भरपूर सेट, जड वजन आणि मधे विश्रांती कमी, अशी जोडी जमली की कॉर्टिसॉल सगळ्यात जास्त उसळतं. सोबत ॲड्रेनॅलिन, वाढीचं हार्मोन आणि टेस्टोस्टेरॉन हेही उसळतात, पण फॉरवर्डवाल्याला यादीतलं एकच नाव दिसलं.

पुढे काय होतं हे त्याने सांगितलंच नाही. बार खाली ठेवला, घाम पुसला, पाणी प्यायलं, घरी आलं, की ते उतरू लागतं. रक्तातलं कॉर्टिसॉल साधारण तासा-दीड तासात निम्मं होतं. शरीराने जोर लावायला इंधन मागितलं, मिळालं, काम संपलं, दुकान बंद. शरीर यातून एक गोष्ट शिकतं: ताण येतो, त्याला तोंड द्यायचं असतं आणि मग तो जातो.

आता तो जात नाही तेव्हा काय होतं ते बघा. १९३६ साली मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात हान्स सेल्ये या संशोधकाने उंदरांवर केलेल्या प्रयोगांचं छोटंसं टिपण 'नेचर'मध्ये छापलं. 'स्ट्रेस' या शब्दाची आजची सगळी चर्चा तिथून सुरू होते. त्याने उंदरांना थंडीत ठेवलं, जखमा केल्या, औषधं टोचली, आणि हो, बेसुमार धावायलाही लावलं. सगळ्यांच्यात सारखीच लक्षणं. अधिवृक्क ग्रंथी सुजलेल्या, पोटात व्रण. थोड्या दिवसांनी उंदीर सावरले, जणू सवय झाली. पण त्रास एक ते तीन महिने चालूच ठेवला तेव्हा ते पुन्हा कोसळले आणि या वेळी उठले नाहीत. म्हणजे व्यायामानेही उंदीर आजारी पडला, बरोबर. पण कुठल्या व्यायामाने? ज्याला अंत नव्हता आणि जो त्याने स्वतः निवडला नव्हता, त्या व्यायामाने.

अंत नसलेला, स्वतः न निवडलेला ताण. आपल्या घरात असं काय आहे ते जरा आठवा.

अल नहदा किंवा अल तावूनला राहणारा, दुबईतल्या शाळेत जाणारा बारावीचा मुलगा घ्या. साडेपाचला उठतो, सहा-सव्वासहाला बस. दुपारी ट्रॅफिकमधून घरी यायला तीन-साडेतीन. जेवतो, पाचला फिजिक्सची ट्यूशन, सातला मॅथ्स. नऊला जेवताना आई विचारते, "आजच्या टेस्टला किती?" दहाला ऑनलाइन कोचिंगचं रेकॉर्डिंग. साडेबाराला झोप, तीही उशाशी फोन घेऊन. शनिवारी मॉक टेस्ट, रविवारी तिचा निकाल. आणि निकाल नुसता निकाल नसतो. तो पालकांच्या ग्रुपवर रँकसकट येतो, दुपारपर्यंत पुण्याच्या आत्याला कळलेला असतो. वर आपल्या आखाती घरांचा खास ताण आहेच. नीटचं सेंटर २०२१ पासून दुबईत मिळालं हे चांगलंच झालं, पण जागा मिळवायची आहे तिकडे, फी भरायची आहे दिरहममध्ये, आणि बाबांच्या कंपनीत माणसं कमी करताहेत ही कुजबुज भिंतीपलीकडून पोरांना ऐकू येतेच. पोरं बहिरी नसतात.

या दिवसात ताण उतरायची जागा दाखवा. मला सापडत नाही.

झोपेबद्दल तर मी रोजच ओरडते. १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये शिकागोच्या संशोधकांनी लिहिलं. ११ तरुण, सहा रात्री फक्त चार-चार तास झोपू दिले. त्यांचं संध्याकाळचं कॉर्टिसॉल, जे त्या वेळी खाली यायला हवं, ते वर राहिलं. एकही डंबेल न उचलता. तुमच्या पोराचं कॉर्टिसॉल वाढवायचा सगळ्यात खात्रीचा मार्ग हाच, आणि तो आपण 'मेहनत करतोय बिचारा' म्हणून कौतुकाने बघत बसतो, वर दूध-बदाम नेऊन देतो.

आणि स्मरणशक्तीच्या केंद्राचं? तेही पूर्ण खोटं नाही, म्हणून तर फॉरवर्ड चालतो. १९६८ साली ब्रूस मॅक्यूएन यांनी न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात दाखवलं की उंदराच्या मेंदूतला हिप्पोकॅम्पस, म्हणजे आठवणी साठवायला लागणारा भाग, हे हार्मोन ओढून घेतो. पुढे कळलं की ते महिनोन्‌महिने जास्त राहिलं तर त्या भागातल्या पेशींच्या फांद्या आखडतात. महिनोन्‌महिने हा शब्द फॉरवर्डमध्ये गळलाय. घाईत गळला की सोयीने, देव जाणे.

थोड्या वेळासाठी वाढलेल्या ताण-हार्मोन्सचं गणित वेगळं आहे. हे मला वर्गात शिकवायलाही आवडतं. झुरिकच्या द क्वेर्व्हां आणि सहकाऱ्यांनी २००० साली दाखवलं की कॉर्टिझोनची गोळी दिल्यावर, आधी पाठ केलेले शब्द आठवायला माणसांना जड जातं. म्हणजे आठवायच्या ऐन वेळी कॉर्टिसॉल चढलेलं असेल तर अडचण. पण शिकून झाल्यावर लगेच आलेली छोटी उसळी ती आठवण पक्की करायला मदत करते. आपल्याला दहावीच्या निकालाचा दिवस आठवतो, त्याच्या आदल्या मंगळवारी काय जेवलो ते आठवत नाही, यामागची यंत्रणा हीच.

अमेरिकेत जॉर्जिया टेकमध्ये २०१४ साली याचा फार साधा प्रयोग झाला. काही जणांना ९० चित्रं दाखवली. मग निम्म्यांना पायाच्या मशीनवर जोर लावून ५० वेळा पाय सरळ करायला लावले, बाकीच्यांचे पाय मशीननेच हलवले, त्यांनी जोर लावायचा नाही. दोन दिवसांनी सगळ्यांची परीक्षा. जोर लावलेल्यांना सुमारे ६० टक्के चित्रं ओळखता आली, नुसते बसलेल्यांना सुमारे ५० टक्के. आणि ज्यांनी जोर लावला त्यांच्या लाळेत ताणाची खूण वाढलेली होती. ज्या गोष्टीला फॉरवर्ड घाबरतोय, तीच इथे कामी आलेली दिसते.

मग किती जोर लावायचा? २००९ साली चँग आणि एटनियर यांनी ६८ तरुण माणसांना हलकं, मध्यम आणि पूर्ण जोराचं वजन देऊन बुद्धीच्या चाचण्या घेतल्या. झटपट प्रतिसाद द्यायचा वेग जोराबरोबर वाढत गेला. पण मन एका जागी धरून अवघड काम करायचं, तिथे मध्यम वजनवाले पुढे होते. मला यातून कळतं ते एवढंच की व्यायाम करून लगेच इंटिग्रेशनची गणितं सोडवायला बसायचं असेल तर अंगातला शेवटचा थेंब जिममध्ये सांडून येऊ नये.

आता कोणी विचारेल, मॅडम, हे सगळं गोऱ्या कॉलेजकुमारांवर, आमच्या सोनूचं काय? रास्त प्रश्न. कॅनडात व्हँकुव्हरला २०१० साली ६५ ते ७५ वयाच्या १५५ बायकांवरही झालंय. आठवड्यातून एक किंवा दोनदा वजनांचा व्यायाम, वर्षभर. मन विचलित न होऊ देता योग्य उत्तर निवडायच्या चाचणीत त्या दहा-बारा टक्क्यांनी सुधारल्या, आणि नुसते तोल-लवचिकतेचे हलके व्यायाम करणाऱ्या होत्या तिथेच राहिल्या. उदासीबद्दल २०१८ साली ३३ चाचण्या, १,८७७ माणसं एकत्र धरून हिशेब झाला. वजनांच्या व्यायामाने उदासीची लक्षणं कमी झाली, आणि माणूस किती बळकट झाला याच्याशी त्याचा संबंध नव्हता. पोर डोले-शोले करो न करो, मनाला फायदा होतोच.

पण मी एक गोष्ट म्हणणार नाही, आणि कोणी म्हणालं तर विश्वास ठेवू नका: जिमला गेला की बारावीला पाच टक्के वाढतील. असं कुठल्या प्रयोगाने सिद्ध केलेलं नाही. मार्क अभ्यासानेच येतात. माझा मुद्दा खालच्या पायरीवरचा आहे. आठवड्यातून तीन वेळा चाळीस मिनिटं जोर लावल्याने अभ्यासाचं नुकसान होतं हा दावाच मुळात टिकत नाही. आणि ती चाळीस मिनिटं काढून घेतली की त्या मुलाच्या आठवड्यात असा एकही ताण उरत नाही जो संपतो.

दुसऱ्या बाजूलाही दोन शब्द ऐकवते, नाहीतर जिमवाले माझी पोस्ट उचलून जाहिरात करतील. 'कॉर्टिसॉल घटवा' म्हणून जे पहाटे पाचचे बूटकॅम्प विकले जातात, त्यांचंही शास्त्र तेवढंच लंगडं. बाराला झोपलेल्या पोराला साडेचारला उठवून बर्पी मारायला लावणं म्हणजे सेल्येच्या उंदरांची पुढची आवृत्ती. झोप आणि व्यायाम यांत एकच निवडायची वेळ आली तर झोप निवडा, बिनदिक्कत. प्री-वर्कआउटची पावडर आणि एनर्जी ड्रिंक सोळा-सतरा वर्षांच्या पोरांना लागत नाहीत. इथल्या सरकारने २०१७ मध्ये एनर्जी ड्रिंकवर १०० टक्के अबकारी कर लावला, तरी ग्रोसरीच्या फ्रिजपुढे आपलीच पोरं उभी दिसतात. आणि कोणी ट्रेनर 'कोर्स' हा शब्द काढेल तर त्या दिवसापासून ती जिम बंद. सुई आणि गोळीच्या स्टेरॉइडने सतरा वर्षांच्या मुलाच्या हाडांची वाढ खरंच थांबू शकते.

उंची खुंटते ही भीती आपण वजनांबद्दल बाळगतो ती मात्र चुकीच्या जागी. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २००८ मध्ये आणि परत २०२० मध्ये स्पष्ट लिहिलंय की नीट शिकवलेल्या, देखरेखीखालच्या वजनांच्या व्यायामाने मुलांची उंची थांबत नाही. जागतिक आरोग्य संघटना २०२० पासून ५ ते १७ वर्षांच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटं हालचाल आणि त्यात आठवड्यातून किमान तीन दिवस स्नायू-हाडं बळकट करणारा व्यायाम सांगते. मुलगे असं त्यात लिहिलेलं नाही, मुलं असं लिहिलंय. हे मुलींच्या आयांसाठी. 'ती जाड दिसेल, दंड येतील' म्हणून लेकीला फक्त झुंबा. अहो, हाडं भरायचं वय हेच आहे. बसमधून वर्गात आणि लिफ्टमधून घरात जाणाऱ्या या पोरींच्या अंगाला ऊन लागत नाही, इथल्या कुठल्याही डॉक्टरला व्हिटॅमिन डीचं विचारा. त्यात आपण वजनही उचलू द्यायचं नाही म्हणजे कमाल आहे.

आपला दुटप्पीपणा तर विचारूच नका. शिवजयंतीला इथे ढोल-लेझीम, स्टेजवर मल्लखांबाचा व्हिडिओ, 'मर्द मराठ्यां'वर टाळ्या. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४चं, शिवाजी पार्कचं समर्थ व्यायाम मंदिर १९२५चं, औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींनी संस्थानातल्या शाळांत सूर्यनमस्कार नेले. हे सगळं आपण पोरांना अभिमानाने सांगतो. खाशाबा जाधवांना १९५२ साली हेलसिंकीला जायला पैसे कमी पडले तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण टाकून ७,००० रुपये उभे केले. एका प्राचार्याने, कुस्तीगिराच्या पायी! पदक आलं की नाही? आणि आपण महिन्याची दोनशे दिरहमची फी 'या वर्षी राहू दे' म्हणून वाचवतो आणि त्यातूनच तिसरी ट्यूशन लावतो.

इथल्या देशाचंच बघा. अबू धाबीत २००८ पासून शाळांमध्ये जुजुत्सू शिकवतात. शाळेच्या वेळात, गादीवर, एकमेकांना पकडून पाडायचं. आपल्या भाषेत सांगायचं तर सरकारने शाळेत तालीम उघडली. दुबईत २०१७ पासून दर वर्षी ३० दिवस, रोज ३० मिनिटं असं फिटनेस चॅलेंज चालतं, शेवटी शेख झायेद रोड मोकळा करून सगळं शहर धावतं. आपण जातो ना? टी-शर्ट घालतो, म्युझियम ऑफ द फ्युचरपुढे सेल्फी काढतो, स्टेटसला टाकतो. आणि ज्याला त्याची खरी गरज आहे तो बारावीतला मुलगा त्या सकाळी घरी बसून मॉक टेस्ट देत असतो. प्री-बोर्ड जवळ आली ना.

अजून एक ठेवणीतली गोष्ट. २०१८ पासून सीबीएसईने नववी ते बारावीला रोज एक तास आरोग्य व शारीरिक शिक्षणाचा सक्तीचा केला. त्याला लेखी परीक्षा नाही, मैदानात उतरून खेळायचा तास. तुमच्या शाळेच्या वेळापत्रकातही तो छापलेला असणार. कधी पोराला विचारा, त्या तासाला काय होतं. मला शाळांची नावं घ्यायची नाहीत, पण माझ्याकडे येणारी पोरं हसून सांगतात, "मिस, त्या पिरियडला केमिस्ट्रीचा पोर्शन संपवतात." आणि हे शाळा स्वतःहून करत नाही. आपण पालकच पोर्शन संपला का म्हणून मागे लागतो.

करायचं काय, तर फार काही नाही. आठवड्यातले तीन दिवस, एकाआड एक. बस-ट्यूशनच्या मधली वेळ, म्हणजे साधारण साडेचार ते सव्वापाच, किंवा ट्यूशन संपल्यावर रात्री आठच्या आत. झोपायच्या तोंडावर नको. अनेक बिल्डिंगच्या जिमला सोळा वर्षांखाली प्रवेश नसतो, नातूरला विचारून घ्या. नसेल तर हॉलमधलं टीपॉय बाजूला सरकवा. बैठका, दंड, दाराच्या पक्क्या बारला लटकून पुलअप, आणि पाठीवर एनसीईआरटीची पुस्तकं भरलेली बॅग घालून बैठका. ती पुस्तकं तेवढी तरी उचलली जातील. पहिले दोन-तीन आठवडे वजन नाहीच, पद्धत शिकायची. कोणीतरी जाणत्याने गुडघा-पाठ नीट आहे का बघायचं. मग हळूहळू वाढवत न्यायचं, इतकं की सेटच्या शेवटी अजून दोन वेळा जमलं असतं असं वाटावं. तोंडाला फेस येईपर्यंत नाही. नवख्याने एका दिवसात दोनशे बैठका मारल्या तर स्नायू फुटून मूत्रपिंडावर येतं. लघवी कोकाकोलाच्या रंगाची झाली तर सरळ इमर्जन्सीत न्यायचं, घरी लिंबू-सरबत पाजत बसायचं नाही. जून ते सप्टेंबर बाहेर दुपारी काहीही नको. १५ जून ते १५ सप्टेंबर साडेबारा ते तीन उन्हातलं काम इथे कायद्याने बंद असतं, ते उगाच नाही.

ज्या मुलाला दमा, हृदयाचा किंवा सांध्याचा त्रास आहे त्याने आधी डॉक्टरांना विचारायचं, हे वेगळं सांगायला नको. आणि जो मुलगा महिनाभर नीट झोपत नाही, जेवत नाही, बोलत नाही, त्याला व्यायाम हा इलाज नव्हे. त्याला माणसाची आणि डॉक्टरची गरज आहे, लाज न बाळगता.

परीक्षेच्या दिवसांचं विचाराल तर, पेपरच्या आधी काही तास जोरदार व्यायाम नको. झुरिकच्या गोळीवाल्या प्रयोगाचं एवढं आपण मानू. खाली उतरून दहा-पंधरा मिनिटं चालून या, पुरे. दोन पेपरांच्या मधे तीन-चार दिवस सुट्टी असेल तर पहिल्या दिवशी संध्याकाळी नेहमीचा व्यायाम निम्म्याने करायचा. धडा वाचून झाल्यावर करायचा, आधी नाही. आणि रात्री अकराला दिवा बंद, आठ तास झोप. पोरगं म्हणेल अजून एक चॅप्टर राहिलाय. राहू दे म्हणा. हे म्हणायचं काम तुमचं आहे, त्याचं नाही.

पुढची पीटीएम या महिन्यातच असेल. वर्गशिक्षिकेला मार्कांचं विचारून झालं की आणखी एक प्रश्न विचारा: वेळापत्रकातला तो खेळाचा तास या आठवड्यात कुठल्या वारी झाला? मागच्या बाकावर तुमच्यासारखेच आणखी चार पालक बसलेले असतील, त्यांनाही बरोबर घ्या. आणि काय उत्तर मिळालं ते खाली कमेंटमध्ये लिहा, शाळेचं नाव न घेता.